आर्नोकाठची छत्री

कोल्हापुरात राजाराम हे नाव पावलोपावली भेटतं. राजारामपुरी आहे, राजाराम बंधारा आहे, राजाराम कॉलेज आहे, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं हे सगळं एकाच राजाचं. तसं नाही. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, ताराराणींचे पती, ते पहिले. राजारामपुरी आणि बंधाऱ्याला ज्यांचं नाव आहे ते शाहू महाराजांचे चिरंजीव. या दोघांच्या मधे आणखी एक राजाराम महाराज होऊन गेले. १८६६ साली ते दत्तक म्हणून गादीवर आले, १८७० साली विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. एकविसावं वर्ष चालू होतं. १८८० साली सुरू झालेलं राजाराम कॉलेज त्यांच्या नावाचं. मी त्या कॉलेजात शिकले, आणि ‘आपल्या महाराजांची छत्री इटलीत नदीकाठी आहे’ हे वाक्य तिथेच पहिल्यांदा ऐकलं. छत्री म्हणजे गेलेल्याच्या आठवणीसाठी बांधलेला घुमटाचा मंडप, आणि नदी म्हणजे फ्लॉरेन्समधली आर्नो. तेव्हापासून मनात होतं की ती जागा एकदा बघायची.

माझी थोरली बहीण नोकरीतून मोकळी झाली तेव्हा हा बेत पक्का झाला. ताईने सगळी नोकरी सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली. निघण्याआधी मी छत्रीबद्दल वाचत होते आणि एक गोष्ट सापडली, ती तिला सांगितली तेव्हा ती हातातलं काम ठेवून उठली. फ्लॉरेन्सच्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपला नवा राजवाडा त्यांचा, टाउन हॉल त्यांचा, आणि सीपीआरची जुनी दगडी इमारतसुद्धा त्यांचीच. “म्हंजे मी जल्मभर ज्याच्या व्हरांड्यातनं औषधाची ट्रॉली ढकलली, त्यानंच ती छत्री बांधली व्हय? मग मी येणारच,” ताई म्हणाली.

व्हिसाचं काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. इटलीला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रं, राहण्याचं आणि विमानाचं बुकिंग, आणि किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा ही मुख्य कागदपत्रं. व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं, त्यासाठी आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. निवृत्त माणसाने पेन्शनचे कागद वेगळे, नीट लावून द्यावेत. ताईला तिथे सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले ते त्यावरूनच. कशासाठी चाललात या प्रश्नावर तिने सरळ सांगितलं, “आमच्या राजाची समाधी आहे तिथं.” खिडकीपलीकडच्या मुलीने मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवले.

आम्ही मुद्दाम नोव्हेंबरचा शेवट निवडला. महाराजांच्या पुण्यतिथीला तिथे असावं हे एक कारण, आणि त्या दिवसांत गर्दी कमी, खोल्या स्वस्त, हे दुसरं. रोमला उतरून वेगवान गाडीने दीड तासात फ्लॉरेन्स. राहायला नदीपलीकडे, सान फ्रेदियानो भागात एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातली खोली घेतली होती. जिना अरुंद आणि दगडी, दाराची किल्ली वीतभर लांब. बाईंनी पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या हीटरवर हात ठेवून वेळा समजावल्या. तिथे घरं तापवायलासुद्धा सरकारी नियम आहे. फ्लॉरेन्सच्या हवामान विभागात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल एवढ्याच काळात आणि दिवसाला जास्तीत जास्त बारा तास. ऐतिहासिक शहर म्हणून आपण ज्याचे फोटो बघतो त्यात माणसं अशी वेळ बघून ऊब घेत राहतात, हे मला फार आवडलं. शहर कळायला मला अशा गोष्टी लागतात.

सकाळची कॉफी उभ्याने प्यायची. काउंटरपाशी उभं राहिलं तर एक दर, खुर्चीत बसलं तर दुसरा, आणि चौकातल्या खुर्चीत बसलं तर तिसरा. कामावर जाणारी माणसं येतात, दोन घोटांत कप रिकामा करतात, दुकानदाराशी काल रात्रीच्या सामन्यावर बोलतात आणि जातात. आमच्याकडे चहाच्या गाड्यावर चालतं ते हेच, फक्त इथे फुटबॉल असतो. सांत अंब्रोजोच्या मंडईत भाजी घ्यायला गेलो तेव्हा एक नियम कळला: भाजीला हात लावायचा नाही. काय हवं ते सांगायचं, बोटाने दाखवायचं, निवडून देणार विक्रेता. कपिलतीर्थ मंडईत चाळीस वर्षं भेंडीची टोकं मोडून बघितलेल्या ताईला हे पटेना. पण त्या भाजीवालीने प्रत्येक टोमॅटो हातात फिरवून ‘आज खाणार की उद्या’ असं खुणेनं विचारलं आणि त्याप्रमाणे पिकलेले आणि कच्चे वेगळे बांधून दिले, तेव्हा ताईने तिला मराठीतच शाबासकी दिली. त्यानंतर रोज त्याच गाळ्यावर.

तिथल्या पावात मीठ नसतं. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्या टस्कनीची ही जुनी पद्धत आहे आणि पहिला घास घेतल्यावर कोल्हापूरकराला काहीतरी राहून गेलंय असं वाटणारच. पण नोव्हेंबर हा ऑलिव्हच्या ताज्या तेलाचा महिना. नुकतं घाण्यातून आलेलं हिरवंगार तेल, घशाला किंचित तिखट लागणारं, भाजलेल्या अळणी पावावर लसूण चोळून वरून ओततात. पाव अळणी का, हे मला तो घास खाताना उमगलं. घरमालकीण बाईंनी तो आम्हाला करून दिला. ताईने बॅगेतून कांदा-लसणाची चटणी काढली आणि त्यांच्या पावावर चिमूटभर घातली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दुसरा तुकडा मागितला. रस्त्यावर वजडीच्या गाड्याही पुष्कळ आहेत. ती गाईची असते म्हणून आम्ही खाल्ली नाही, पण भर बाजारात, दुपारी बारा वाजता, सुटाबुटातली आणि गवंडीकामाची माणसं एका गाड्याभोवती शेजारी शेजारी उभी राहून खाताना बघणं हे मला कुठल्याही चित्रसंग्रहालयाइतकंच मोलाचं वाटलं.

आमच्या गल्लीत चामड्याचं काम करणाऱ्यांची छोटी दुकानं होती. एका कारागिराला मी फोनवर कोल्हापुरी चपलेचा फोटो दाखवला. त्याने लगेच ओळखली. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका बड्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या होत्या, आपल्याकडून आवाज उठल्यावर मग प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, ते त्याच्या वाचनात आलं होतं. चपलेला नाव न देता ती आणली याचा मला तेव्हाही राग होता आणि आजही आहे. पण या माणसाने विचारलं ते वेगळंच: कातडं कशात कमावता? बाभळीची साल आणि हिरडा, असं मी झाडांची चित्रं दाखवून सांगितलं. तो खूश झाला. टस्कनीतलं चांगलं कातडंही अजून झाडांच्या सालीच्या आणि लाकडाच्या अर्कात कमावतात, चेस्टनट, मिमोझा वगैरे, रसायनांत नव्हे. त्याने एक तुकडा माझ्या नाकाशी धरला. वास ओळखीचा होता, सुभाषनगरच्या गल्ल्यांतला.

आता शहराकडे येते. फ्लॉरेन्स बघायला जगभरातून लोक येतात त्या वास्तू आम्हीही बघितल्या. पण माझ्या डोक्यात एकच साल होतं, त्यामुळे मी प्रत्येक ठिकाणी एक हिशेब करत होते: १८७० च्या नोव्हेंबरात इथे काय होतं? असं बघितलं तर शहर वेगळंच उघडतं. 

कॅथेड्रलचा तो हिरव्या, गुलाबी आणि पांढऱ्या संगमरवराचा दर्शनी भाग, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात, तो त्या वेळी नव्हताच. कॅथेड्रलचं काम तेराव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं तरी दर्शनी भिंत एकोणिसाव्या शतकापर्यंत ओकीबोकी होती. आजचा भाग १८७६ नंतर बांधायला घेतला आणि १८८७ साली पुरा झाला. म्हणजे तो आपल्या नव्या राजवाड्याच्याच पिढीचा. मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा आज बघायला आधी तिकीट काढून रांगेत उभं राहावं लागतं. १८७० मध्ये तो सरळ तिथल्या जुन्या राजवाड्यासमोरच्या चौकात, ऊन-पावसात उभा होता. त्याला आत नेलं १८७३ साली. आता चौकात आहे ती प्रतिकृती. शहराभोवतीची मध्ययुगीन तटबंदी त्या वर्षांत पाडली जात होती आणि तिच्या जागी रुंद रस्ते होत होते, कारण १८६५ पासून फ्लॉरेन्स हीच नव्या इटलीची राजधानी होती. १८७१ मध्ये ती रोमला गेली. आजारी महाराज ज्या शहरात उतरले ते खणलेलं, धुळीचं, घाईतलं राजधानीचं शहर होतं. शांत म्युझियमचं गाव ते नंतर झालं.

कॅथेड्रलच्या घुमटावर मी एकटी चढले. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी राखून ठेवावी लागते. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता बांधला. तो दुहेरी आहे, आतला वेगळा आणि बाहेरचा वेगळा, आणि जिना या दोन कवचांच्या मधून जातो. चढताना हाताशी विटा येतात. आडव्या थरांमधे ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारखी वीण केली आहे, म्हणजे ओला थर आत कोसळत नाही. मिस्त्रींच्या घरची लेक असल्यामुळे मी तिथे फार वेळ रेंगाळले, मागच्यांना वाट देत. वर पोहोचल्यावर लोक लाल कौलांचे फोटो काढत होते. मी पश्चिमेला बघितलं. नदीच्या उजव्या काठाने झाडांचा एक लांबच लांब हिरवा पट्टा जातो आणि दूर एका पुलाच्या उंच खांबांशी संपतो. तिथेच.

खाली ताई कॅथेड्रलमध्ये बसली होती आणि तिला तोवर एक फलक सापडला होता. घुमटाच्या शिखरावरच्या मनोऱ्यात १४७५ च्या सुमारास तोस्कानेल्ली या विद्वानाने एक भोक ठेवून घेतलं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या आसपास, जूनमध्ये, दुपारी त्यातून सूर्याचा कवडसा जवळजवळ ९० मीटर खाली येतो आणि फरशीतल्या संगमरवरी तबकडीवर पडतो. त्यावरून ते पंचांगाचा आणि सूर्याच्या चालीचा अभ्यास करत. ताई म्हणाली, “हा ह्यांचा किरणोत्सव.” अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पायांपासून वर चढत जातात. नुकताच तो आटोपून आम्ही निघालो होतो. इथे मोजण्यासाठी, तिथे दर्शनासाठी, पण सूर्य नेमका कुठे येणार हे जाणून दगड रचणारी माणसं दोन्हीकडे होती. मला त्या अनाम गवंड्यांबद्दल ब्रुनेलेस्कीइतकाच आदर वाटतो.

उफिझी गॅलरी बघितली. सुंदर आहे, दमवणारी आहे, तिच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

माझ्या मनात घर करून राहिल्या त्या पाट्या. सांता क्रोचे भागात फिरताना भिंतीवर, डोक्याच्या कितीतरी वर, संगमरवराच्या लहानशा पाट्या दिसतात: ‘४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचं पाणी इथवर आलं.’ खाली एक आडवी रेघ. सान रेमिजो गल्लीच्या कोपऱ्यावर तर एकाखाली एक दोन खुणा आहेत, एक १९६६ ची आणि दुसरी १३३३ ची. तारीख दोन्हींची ४ नोव्हेंबर. ताई त्या कोपऱ्यावर किती वेळ उभी होती. तिचं घर शुक्रवार पेठेत. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आमच्या घरातल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा घरात शिरलं. तिच्या स्वयंपाकघरात दोन्ही खुणा आहेत, पण त्या ओलीच्या. तिने सांगितलं, “आपल्यातबी अशा पाट्या लावाय पायजेत. दसरा चौकात, व्हीनस कॉर्नरला, दिसंल अशा. मग कोण नदीच्या अंगावर बिल्डिंग बांधतंय बघू.” मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. आपण पुराच्या आठवणी मोबाइलमध्ये ठेवतो आणि मोबाइल बदलतो. १९६६ च्या पुरात इथे ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात गेली, आणि देशोदेशींची तरुण पोरं येऊन हातोहात ती बाहेर काढत राहिली. त्यांना इथे ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. आमच्या पुरात तालमींची पोरं होड्या घेऊन घराघरांत गेली होती. त्यांच्याही नावाची पाटी कुठेतरी असायला हवी.

३० नोव्हेंबरला रविवार होता. टस्कनीत या दिवशी सणही असतो. १७८६ साली याच तारखेला इथल्या ग्रँड ड्यूकने फाशीची शिक्षा रद्द केली, त्याचा. आदल्या दिवशी फुलं घ्यायला गेलो. नोव्हेंबरात तिथे फुलवाल्यांकडे शेवंती ढिगाने असते, पण ती फक्त दफनभूमीवर न्यायची. कुणाच्या घरी शेवंती नेणं अशुभ. दुकानातल्या मुलीने आम्हाला कोणत्या दफनभूमीवर जाणार म्हणून विचारलं. ताईला धक्का बसला, कारण आमच्याकडे शेवंती अंबाबाईला. पण घेतली शेवंतीच. देवीचं फूल आणि इथल्या रीतीने मृतांचं फूल, दोन्ही एकाच वेळी बरोबर होतं.

सकाळी ओन्यिसांती चौकातून निघालो. महाराज उतरले ते हॉटेल याच चौकात होतं. समोर नदी, बाजूला चर्च, त्यात चित्रकार बोत्तिचेल्लीची कबर. इंग्लंडमध्ये महाराजांची राणी व्हिक्टोरियाशी भेट झाली होती, रोजची टिपणं ठेवणं चालू होतं. ती रोजनिशी इंग्रजीत आहे आणि त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वेळी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, म्हणून फ्रान्सची वाट सोडून बेल्जियम, जर्मनी, आल्प्स असा वळसा घालावा लागला. वाटेत तब्येत बिघडली. फ्लॉरेन्सच्या पुढे ते गेलेच नाहीत.

समुद्र ओलांडायलाच जिथे धर्माची आडकाठी मानत, तिथे परमुलुखात राजाचं दहन कसं करायचं? त्या वेळी इटलीत प्रेताला अग्नी देण्याची रीत नव्हती. बरोबरच्या माणसांचा आग्रह होता की नदीकाठी, दोन नद्यांच्या संगमावर, आपल्या रीतीने विधी व्हावा. घरी असते तर पंचगंगेच्या घाटावर झाला असता, जिथे छत्रपती घराण्याच्या समाध्या आहेत. शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. जागा ठरली ती कॅशिने बागेचं पश्चिम टोक, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्याच रात्री, गावापासून लांब, तिथे चिता पेटली. अस्थी गंगेत सोडण्यासाठी भारतात आणल्या. मला त्या परवानगीचं राहून राहून अप्रूप वाटतं. कुणी तरी खुर्चीत बसलेल्या माणसाने, तशी रीत नसताना, एका परधर्मी पाहुण्याच्या शेवटच्या गरजेसाठी सही केली.

कॅशिने बाग जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे. इथल्या जुन्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या वेळी इथे गोठे आणि शिकारीचं रान होतं. आम्ही त्या रात्रीच्या वाटेने चालत होतो, पण दिवस उजाडलेला आणि रविवार. पळणारी माणसं, पोरांच्या ढकलगाड्या, सायकली, पतंग, घरच्या जेवणाचे डबे उघडून बसलेली कुटुंबं. त्यात फिलिपिनो होते, पेरूचे होते, शीख होते. नदी तांबूस, पावसाने भरलेली. काठाला बगळे. मधूनमधून बाकावर बसत, ताईच्या गुडघ्यांना विसावा देत टोकापर्यंत पोहोचलो.

छत्री एकदम समोर येते. चार बाजूंनी मोकळी, वर घुमट, नक्षीच्या कमानी, आणि मधे उंच चौथऱ्यावर महाराजांचा अर्धपुतळा. पुतळा रंगीत आहे, हे फोटोत इतकं जाणवत नाही. फेटा, गळ्यात दागिने, मिसरूड फुटलेला कोवळा चेहरा. तो फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला आणि १८७४ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहे: कोल्हापूरचे महाराज, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इंग्लंडहून भारतात परतताना. टाउन हॉल आणि सीपीआर रोज बघणाऱ्याला या कमानी परक्या वाटत नाहीत. ताईने चौथऱ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “केवढं पोरगं गं.” नर्सने म्हणावं तसं ती म्हणाली. मग तिने विचारलं की आजार कोणता होता, डॉक्टर कोण होते, ताप किती दिवस होता. ती विचारत राहिली आणि मी वाचलं होतं तेवढं सांगत राहिले. फुलं वाहिली, नमस्कार केला.

एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले. नदीपलीकडच्या इझोलोत्तो भागात राहणारे, जन्मापासून. या सगळ्या परिसराला ‘इंदियानो’ म्हणतात, शेजारच्या जुन्या इमारतीला ‘इंदियानो’, आणि १९७० च्या दशकात तारांवर तोललेला जो मोठा मोटारीचा पूल झाला त्यालाही ‘इंदियानो’. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, आकाशवाणीवर वाहतुकीची बातमी देतानाही हेच नाव येतं, असं ते म्हणाले. फोनवरच्या भाषांतराने बोलणं चाललं होतं. लहानपणी ते इथे सायकल शिकले, तरुणपणी बायकोला भेटले ते इथेच. हा राजा कुठला हे त्यांना ठाऊक होतं, पण ते गाव नकाशात कुठे हे माहीत नव्हतं. मी नकाशा काढून दाखवला. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे याचं काय आहे? कॉलेज आहे, मी म्हटलं, तिथे मी शिकले. त्यांनी हॅट काढून आमच्याशी पुन्हा एकदा, पहिल्यासारखं, हस्तांदोलन केलं.

छत्रीची डागडुजी मधल्या काळात झाली आहे, पण नदीकाठ, दमट हवा आणि उघडा दगड, तिला कायमची काळजी लागणार. ती फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने एकटीने घ्यावी असं मला वाटत नाही. कोल्हापूरनेही त्यात हात घालावा. निदान राजाराम कॉलेजात आणि शहरातल्या शाळांत ३० नोव्हेंबरला या महाराजांबद्दल एक तास बोललं जावं, म्हणजे तीन राजाराम एकमेकांत मिसळणार नाहीत. आल्यावर मी शेजारच्या शाळेत जाऊन फोटो दाखवले. पोरांनी सगळ्यात जास्त प्रश्न चितेला लाकूड कुठून आणलं यावर विचारले.

कुणी कोल्हापूरकर जाणार असेल तर अर्धा दिवस राखून ठेवा. मुख्य स्टेशनापाशी पहिल्या मार्गाची ट्राम मिळते. तिकीट चढण्याआधी घ्यायचं आणि आत गेल्यावर यंत्रात लगेच टोचून घ्यायचं, नाहीतर दंड. ‘कॅशिने’ थांब्यावर उतरा आणि नदी डाव्या हाताला ठेवून सरळ पश्चिमेला चालत राहा, पूल दिसेपर्यंत. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, तोही बघण्यासारखा आहे. टोकाला गेल्यावर ऊन असेल तर दुपारनंतर थांबा, पुतळ्याचे रंग तेव्हा चांगले दिसतात. आणि निघण्याआधी आपला टाउन हॉल एकदा बाहेरून, चारही बाजूंनी बघून घ्या. त्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, पण कमानी बघायला तिकीट लागत नाही.